शेवटचा पोचा आधी

मकरपुरा जीआयडीसी, प्लॉट चारशे सतराच्या मागे
ती कंटेनरमधून उतरली तेव्हा
हिला गाडी म्हणायचं की भंगार, यावर
चहावाल्या रणछोडने वीस रुपयांची पैज लावली.
डॉज चार्जर, एकोणसत्तरची.
छप्पर बसलेलं, उजवा दरवाजा आत घुसलेला,
आणि नाक असं वळलेलं
जसं कुणी पुरतं ऐकून न घेता तोंड फिरवावं.

मालक हसमुखभाई म्हणाले, शिर्केकाका,
एकदम नवी जोईए.
मी म्हटलं, बघू.
मी सगळ्यांनाच बघू म्हणतो.

वडील मांडवीपाशी बॅंडवाल्यांची पितळी वाद्यं नीट करायचे.
लग्नसराई संपली की दुकानात युफोनियमची रांग,
एक वरातीत आपटलेला,
एकावर घोडीचा पाय.
नळीत लोखंडी गोळी सोडून
ते पोचा आतून उचलायचे
आणि सांगायचे, जो घाव शेवटी बसला
तो आधी काढायचा. पत्रा उलटा वाचतात.
उर्दूसारखा का, असं मी विचारल्यावर म्हणाले,
नाही, जिना उतरतो तसा.

म्हणून आधी छप्पर.
म्हणजे ती उलटली ते सगळ्यात शेवटी.
जॅक लावून अकरा दिवस
सूत सूत वर घेतलं.
मग दरवाजा. झाड असावं.
सालीच्या उभ्या रेघा पत्र्यात उमटलेल्या.
कुठलं झाड, ते आमच्यात कुणालाच ठाऊक नाही.
इरफान म्हणाला, बाभूळ तर नसणार.
मग नाक. साखळीने ओढताना
शेडचा खांब करकरला, सगळे बाहेर पळाले,
मी पण.

असा एकेक घाव मागे जात
झाडाच्या अलीकडे, वळणाच्या अलीकडे,
ब्रेक दाबला त्याच्याही अलीकडे,
पोचे काढता काढता पोचलो
जिथे गाडी अजून सरळ चालली होती
आणि आत कुणीतरी काहीतरी बोलत होतं.
काय, ते पत्र्यात नसतं.

रंग खरवडला. निळ्याखाली लाल,
लालखाली कारखान्यातला पहिला हिरवा,
कच्च्या कैरीचा नव्हे,
लोणच्याला तेल सुटल्यावर फोड दिसते तो.

मग बॉनेट.
हात फिरवला, आणि हात थांबला.
अपघाताशी संबंध नसलेले दोन पोचे,
शेजारी शेजारी, उथळ,
डोळ्यांना दिसत नव्हते, तळव्याला कळत होते.
एक मोठा, एक लहान.
असे आपटून होत नाहीत.
बसून होतात.
पुष्कळदा, त्याच जागी, उशिरापर्यंत.

इरफानने पण हात फिरवला.
त्याचं गेल्याच महिन्यात ठरलंय, गोध्य्राची मुलगी.
म्हणाला, काका, राहू द्यायचे का?
मी खालून डॉली टेकवली, वरून हातोडी.
मालकाने नवी मागितली आहे
आणि मला मजुरी पत्र्याची मिळते.
लहान पोचा लगेच वर आला.
मोठ्याने वेळ घेतला.

शनिवारी इंजिन सुरू झालं.
टपरीवरचे काचेचे पेले एकमेकांवर वाजले,
कुत्री भिंतीपलीकडे गेली,
आणि पैज हरलेला रणछोड म्हणाला,
आवाज तर भंगाराचाच आहे.
मी सवयीने उजवीकडे चढलो,
तर चाक डावीकडे.
बसलो तसाच, चालवणाऱ्याच्या शेजारच्या जागेवर.
पुढे ते लांबलचक हिरवं बॉनेट,
त्यात शेडचे पत्रे, ट्यूबलाइट, पंख्याचं पातं,
सगळं सरळ.

मी बराच वेळ बघत राहिलो,
कुठेतरी वाकेल म्हणून.